विश्वापेक्षा एक माप मोठी कंपनी

थोरल्यांची खुर्ची गेली ती एका रविवारी दुपारी, भर सासुरवाडीत, सगळ्यांच्या देखत.

खुर्ची म्हणजे नोकरीतली नव्हे. ती शाबूत होती. वजनमापे खात्यातल्या हेडक्लार्कच्या खुर्चीवर डोळा ठेवण्याइतकं वेड अजून कुणाला लागलं नव्हतं. ही खुर्ची वेताची होती, रुंद हातांची, पाठ मागे कलणारी, सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी मांडलेली. लग्नानंतर थोरले पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सासरे स्वतः उठून "बसा जावईबापू" म्हणाले, आणि तेव्हापासून ती थोरल्यांची झाली. धाकटे जावई पुढे काही वर्षांनी आले. ते बाकावर बसत. बाक लाकडी होता आणि कडक होता. धाकट्यांनी त्यावर ताठ बसून थोरल्यांची मतं ऐकायची, अशी त्या घराची घडी बसली होती. निदान थोरल्यांच्या मते तरी बसली होती.

त्या रविवारी थोरले बायकोसह आत आले आणि पाहतात तो खुर्चीत धाकटे.

"या, या साडूबुवा," धाकटे बसल्या जागेवरून म्हणाले. बसल्या जागेवरून! "जरा बाकावर टेका. मी नकोच म्हणत होतो, पण बाबांनी आग्रहच केला."

"अहो, कंपनी काढली त्यांनी," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासरे कौतुकाने म्हणाले. "विश्वव्यापी उद्योग, प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर झालेत. आता डायरेक्टरला बाकावर कसं बसवायचं?"

सासूबाईंनी चहा आणला. पहिला कप खिडकीशी गेला. थोरल्यांचा कप फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्याच्यावर साय धरली होती. ते फक्त हसले, आणि ते हसू घरी पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढायचं कसं हे त्यांना सुचेना.

हेव्याचं एक बरं असतं. तो माणसाला आळशी राहू देत नाही. ज्या थोरल्यांना दिवाणखान्यातला दिवा बदलायला तीन महिने लागत, ते घरात पाऊल टाकताच म्हणाले, "आपण कंपनी काढायची."

"कशाची?" बायकोने विचारलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. शेजारच्या इमारतीतल्या कुणाचे तरी पडदे शिवायचं काम चाललं होतं, नेहमीप्रमाणे.

"ते नंतर ठरवता येईल."

"आणि काढायची कशासाठी?"

"तुला कळायचं नाही ते. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

बायकोला खरं तर चांगलं कळलं होतं. तिने सासुरवाडीहून येताना, म्हणजे तिच्या माहेराहून येताना, नवऱ्याचं हसू पाहिलं होतं. पण ती दोरा तोडत "बरं" म्हणाली आणि पुन्हा यंत्र सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थोरले पाटीवाल्याकडे गेले. कंपनीची सुरुवात पाटीपासून करणारा माणूस जगात दुसरा नसेल, पण थोरल्यांच्या दृष्टीने कंपनी म्हणजे पाटीच होती. बाकी सगळं मागून येणारं. धाकट्यांच्या दारावर पितळी पाटी लागली आहे अशी पक्की खबर होती. तेव्हा आपली पाटी पितळीच हवी, आणि आकाराने बोटभर जास्त.

"नाव काय घालायचं?" पाटीवाल्याने विचारलं.

इथे थोरले थबकले. रात्रंदिवस धाकट्यांचा विचार करताना स्वतःच्या कंपनीला नाव लागेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासलेला माणूस तो. प्रत्येक गोष्ट दुसरीच्या शेजारी ठेवून पाहायची सवय. एका पारड्यात 'विश्वव्यापी' होतंच. दुसऱ्यात त्याहून जड काय टाकावं?

"विश्वाच्या बाहेर काय असतं हो?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे गेलोय बघायला?" पाटीवाला म्हणाला. "लवकर सांगा, दुकान बंद करायचंय."

"ब्रह्मांड!" थोरले ओरडले. "ब्रह्मांडव्यापी उद्योग. खाली माझं नाव. नावाखाली, संचालक."

पाटीवाल्याने अक्षरं बारीक होतील अशी कुरकुर केली, पण पाटी झाली मात्र देखणी. थोरल्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात ठेवली. दिवसातून एकदा ते कपाट उघडून दर्शन घेत.

आता राहिली होती ती फक्त कंपनी.

वरच्या मजल्यावर वकीलकाका राहत. ते वकील नव्हते. कोर्टात पुकारा करायच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. पण इतक्या वर्षांत इतक्या वकिलांना त्यांनी आत बोलावलं होतं की थोडा कायदा अंगाला लागलाच होता. थोरल्यांचं सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"उद्दिष्ट काय लिहिणार?"

"तेच विचारायला आलो."

"मोठं लिहा. आयात, निर्यात, सल्ला, आणि सर्व प्रकारचे उद्योग. म्हणजे उद्या काहीही करावंसं वाटलं तर आडकाठी नको."

"आणि काहीच करावंसं वाटलं नाही तर?"

"त्यालाही आडकाठी नाही," वकीलकाका म्हणाले. हा सल्ला थोरल्यांना फार आवडला.

कंपन्यांची नोंदणी करायची कचेरी एका जुन्या इमारतीत होती. आत शिरल्यावर डावीकडे चौकशीची खिडकी, तिच्यावर 'चौकशी इथे करू नये' असा कागद. चौकशी उजवीकडच्या खिडकीत करायची, हे चौकशी केल्याशिवाय कळत नसे. सगळं काम आता संगणकावर होतं असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं. संगणकावर भरलेला अर्ज छापून, त्याच्या तीन प्रती काढून, खिडकीतल्या बाईंना द्यायच्या असत, म्हणजे त्या तो पुन्हा संगणकात भरत. थोरले स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं.

खिडकीतल्या बाईंनी नाव वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे मिळणार नाही. विश्वव्यापी उद्योग आधीच नोंदलेली आहे. तुमचं नाव त्याच्याशी मिळतंजुळतं आहे."

"मिळतंजुळतं कुठे? मोठं आहे!"

"लोकांचा गोंधळ होईल."

"कुठल्या लोकांचा?"

"त्या कंपनीच्या ग्राहकांचा."

"पण बाई, त्या कंपनीला ग्राहकच नाहीत!"

"तुम्हाला हो काय माहीत?"

"माझे साडू आहेत ते," थोरल्यांच्या तोंडून निसटलं.

"मग तर प्रश्नच मिटला," बाईंचा चेहरा उजळला. "त्यांच्याकडून ना-हरकत पत्र आणा. नाहीतर दुसरं नाव द्या."

थोरले जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "पाटी झालीय."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. या खिडकीवर त्यांनी नाना तऱ्हेची माणसं पाहिली असतील, पण पाटी आधी करून आलेला पहिलाच. "मग ना-हरकतच आणा," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

त्यानंतरचा आठवडा थोरल्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. ज्याचं नाक खाली करायला हा सगळा खटाटोप, त्याच्याच दारात हात पसरायचे! सूर्य, तारांगण, आकाशगंगा, सगळी नावं त्यांनी मनातल्या मनात पाटीवर बसवून पाहिली. पण पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. शेवटी एका संध्याकाळी ते धाकट्यांच्या दारात उभे राहिले. घंटी वाजवण्याआधी त्यांनी तिथली पाटी वितीने मोजली. आपली खरोखरच बोटभर मोठी होती. तेवढ्या बळावर त्यांनी घंटी वाजवली.

कंपनीचं कार्यालय झोपायच्या खोलीत होतं, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या जागेत. टेबल होतं, टेलिफोन होता, 'येणे' आणि 'जाणे' असे दोन ट्रे होते. येण्याच्या ट्रेमध्ये मेहुणीची उशीची खोळ पडली होती. जाण्याचा ट्रे रिकामा होता.

धाकट्यांनी मागणी ऐकली. थोरल्यांना वाटलं, आता हा हसणार. पण धाकट्यांचे डोळे चमकले.

"पत्र? म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवर?"

"हो. शिक्क्यासकट."

धाकटे टुणकन उठले. कपाटातून लेटरहेडचा गठ्ठा काढला. त्याच्यावरचा छापखान्याचा कागदी पट्टा अजून तसाच होता. तो त्यांनी हलक्या हाताने फाडला, पहिला कागद घेतला, आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं, जावक क्रमांक एक.

थोरल्यांनी ते पाहिलं आणि त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोकला काढावा लागला. क्रमांक एक! म्हणजे विश्वव्यापी कंपनीने अजून विश्वातल्या एकाही माणसाला एक चिठ्ठीसुद्धा पाठवली नव्हती.

"याला उत्तर येईल का हो तिकडून?" सही करता करता धाकट्यांनी विचारलं. "आलं तर आवकला नोंदवता येईल."

हे ऐकून मात्र थोरल्यांना त्यांची दया आली. आनंद थोडा ओसरला. "येईल की," ते म्हणाले. "मी सांगतो बाईंना."

धाकट्यांनी शिक्का मारला, पण कागद हातातून सोडला नाही. "साडूबुवा, खरं सांगतो. बाहेर बोलू नका. कामधंदा काही नाही. पण त्या बाकावर माझी पाठ मोडून येते हो. इतकी वर्षं बसलो. तुम्ही तिकडे खिडकीशी रेलून बोलत असायचा आणि मी इकडे बाकाचे खिळे मोजत असायचो. शेवटी म्हटलं, होऊ दे खर्च."

इतकी वर्षं आपला कुणी हेवा करत होतं ही बातमी थोरल्यांना आता, खुर्ची गेल्यावर कळत होती. वेळेवर कळली असती तर किती मजेत बसता आलं असतं!

"मग आता मला पत्र का देताय?" त्यांनी विचारलं.

"एका अटीवर. तुमची कंपनी झाली की रविवार वाटून घ्यायचे. एक तुमचा, एक माझा."

मोठमोठी राष्ट्रं याहून क्षुल्लक गोष्टींवर तह करतात. दोघांनी हात मिळवले. पहिला रविवार थोरल्यांचा ठरला.

ना-हरकत पत्र खिडकीत दिलं तेव्हा थोरल्यांची छाती फुगलेली होती. बाईंनी पत्र लावून घेतलं, नाव मंजूर केलं आणि पुढची ओळ वाचली.

"व्यवसाय? नोकरी. सरकारी का?"

"अर्थात," थोरले अभिमानाने म्हणाले. "वजनमापे खातं. हेडक्लार्क."

"मग तुम्हाला संचालक होता येणार नाही. सरकारी नोकराला बंदी आहे."

थोरल्यांनी खिडकीचा कट्टा धरला. हा नियम त्यांना माहीत असायला हवा होता. किंबहुना माहीत होता. या नियमाचं परिपत्रक त्यांनी स्वतः ऑफिसात सगळ्यांच्या सह्या घेत फिरवलं होतं. पण हेवा डोक्यात शिरला की आधीची पुष्कळ परिपत्रकं बाहेर पडतात.

"लग्न झालंय?" बाईंनी विचारलं.

"झालंय."

"बायको नोकरी करते?"

"नाही. घरीच असते."

"मग त्यांना करा. एका माणसाच्या कंपनीला एक संचालक पुरतो."

बायकोला सांगताना थोरल्यांनी स्वर अगदी साधा ठेवला. "तुला काही करायचं नाही. फक्त सही. बाकी सगळं मी बघतो."

पण बायकोने सगळा अर्ज वाचला. वाचून सही करायची तिला वाईट खोड होती. "उद्दिष्ट सर्व प्रकारचे उद्योग," ती मोठ्याने म्हणाली. "मी कुठे सर्व प्रकारचे करते? मी पडदे शिवते."

"अगं, पडदे काय! ब्रह्मांडव्यापी कंपनी पडदे शिवेल का?"

"का? खिडक्या काय एकाच घराला असतात?" असं म्हणून तिने उद्दिष्टाच्या ओळीत 'तसेच पडदे' एवढे दोन शब्द लिहिले आणि मग सही केली.

पाटी परत पाटीवाल्याकडे गेली. थोरल्यांना वाटत होतं, नाव घासून काढता येईल. पाटीवाल्याने पाटी उलटीसुलटी केली. "घासली तर खड्डा पडेल. मागची बाजू कोरी आहे, तिकडे करू या का?"

तशी केली. दारावर पाटी लागली ती बायकोच्या नावाची. थोरल्यांचं नाव, खाली 'संचालक' या शब्दासकट, भिंतीकडे तोंड करून राहिलं. ते होतं हे खरं. फक्त ते वाचायला माणसाला भिंतीच्या आत जावं लागलं असतं.

शेवटचा टप्पा तपासणीचा. नोंदलेल्या पत्त्यावर खरोखरच कार्यालय आहे की नाही हे पाहायला कचेरीतून तपासनीस यायचे होते. थोरल्यांनी रजा टाकली. बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल पुसून मध्यभागी ओढलं, त्यावर जुन्या विजेच्या बिलांच्या फाइली रचल्या, कोट चढवला. बायकोला आतल्या खोलीत, यंत्रासकट आणि पडद्यांसकट, दार लावून बसायला सांगितलं.

तपासनीस आले ते घामाघूम. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"संचालक?"

"बसा ना," थोरले म्हणाले.

"तुम्ही संचालक?"

"म्हणजे... संचालकांचा नवरा."

तपासनिसांनी तेवढं लिहून घेतलं. थोरल्यांना वाटलं, हे लिहायची काही गरज नव्हती. "कंपनी काय करते?"

"आयात, निर्यात आणि सल्ला."

"आज सकाळपासून काय आयात केलंत?"

थोरल्यांनी फार विचार केला. सकाळपासून घरात फक्त दूध आलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून तळमजल्यावरच्या बाई आत घुसल्या. "अगं ए, माझे पडदे झाले का? पाहुणे दारात यायची वेळ झाली." त्या थेट आतल्या दाराशी गेल्या, दार उघडलं, आणि ब्रह्मांडव्यापी उद्योग उघड्यावर आला. यंत्र, कातऱ्या, दोऱ्यांची रिळं, घडी घालून ठेवलेले निळे, पिवळे, फुलाफुलांचे पडदे, आणि मध्ये गळ्यात टेप अडकवलेली बायको.

"हे काय?" तपासनिसांनी विचारलं.

"काही नाही, घरगुती—" थोरले पुटपुटले.

"पडदे," बायको म्हणाली. "उद्दिष्टात आहे. शेवटचे दोन शब्द बघा."

तपासनिसांनी बघितले. मग त्यांनी एका पडद्याचं कापड चिमटीत धरलं. "याच्यातून ऊन येतं?"

"अस्तर लावलं की नाही येत. खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला," तपासनीस एकदम घरच्यासारखे बोलू लागले. "दुपारी जेवायला बसलो की ताट तापतं हो. तीन माणसांना विचारलं, तिघांनी तोकडे शिवून दिले."

"मापं नीट घेतली नसतील. आमच्याकडे मापं हे घेतील." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "मापात यांचा हात कुणी धरणार नाही. आयुष्य गेलंय त्यात."

थोरल्यांना आपण रागवावं की फुगावं ते कळेना. तपासनिसांनी मात्र अंगठ्याने पान उलटलं आणि ते गंभीरपणे म्हणाले, "नोंदणी झाल्याशिवाय मला काम देता येणार नाही. तेव्हा नोंदणी लवकर व्हायला हवी." आणि जे कागद सगळ्यांचे महिनोन्महिने पडून राहतात, ते त्या आठवड्यातच हातात आले. जेवणाचं टेबल मात्र आतल्या खोलीत गेलं ते गेलंच. बायको त्यावर कापड बेतू लागली आणि थोरले मांडीवर ताट घेऊन जेवू लागले.

तरीही रविवारी थोरले खुशीत होते. तहाप्रमाणे आज खुर्ची त्यांची. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून त्यांनी काखेत मारलं होतं. आत शिरताच पाहिलं, धाकटे शब्दाला जागून बाकावर बसले होते. सासरे स्टुलावर. खिडकीशी खुर्ची रिकामी, नुसती वाट बघत. थोरले पुढे झाले, खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"जरा थांबा जावईबापू," सासरे म्हणाले. त्यांनी प्रमाणपत्र नाकाशी धरून वाचलं आणि ते लेकीकडे वळले. "अगं, हे तर तुझं नाव! आमची लेक डायरेक्टर! ये, ये. बस इथे."

थोरल्यांनी हात काढून घेतला. सख्ख्या बायकोचा हेवा वाटणं बरं नव्हे हे त्यांना कळत होतं. तरी वाटला. अगदी कडकडून वाटला.

बायको खुर्चीत बसली. इकडे टेकून पाहिलं, तिकडे टेकून पाहिलं. मग उठलीच. "नको बाबा, यात नुसती झोप येते. मला वेळ नाही, शाळेच्या सभागृहाचे पडदे आलेत." आणि बहिणीच्या खांद्यावर हात टाकून ती आत गेली. मेहुणी दुसऱ्या दिवसापासून शिवायला येणार होती. आतून दोघींच्या हसण्याचा आणि कापड फाडल्याचा आवाज येऊ लागला.

खुर्ची पुन्हा रिकामी.

"बसा साडूबुवा," धाकटे बाकावरून म्हणाले. "तुमचाच रविवार."

"छे, छे. डायरेक्टर तुम्ही. तुम्ही बसा."

"मी कसला डायरेक्टर? जावक क्रमांक अजून एकच आहे."

"दोघांनाही नको ना?" सासऱ्यांनी विचारलं. "नक्की?" आणि उत्तराची वाट न पाहता ते स्टुलावरून उठले, खुर्चीत बसले, हळूहळू मागे रेलले, आणि त्यांनी असा काही सुस्कारा टाकला की सासूबाई आतून बघायला आल्या. "माझी खुर्ची ही," सासरे डोळे मिटून म्हणाले. "थोरले आले तेव्हा मानाने एकदा 'बसा' म्हटलं. मला काय माहीत हे दर रविवारी बसतील? त्या स्टुलाने माझी कंबर गेली."

थोरले बाकावर बसले. धाकट्यांनी सरकून जागा दिली. बाक खरंच कडक होता, आणि खिळे टोचत होते.

थोड्या वेळाने धाकटे हळूच म्हणाले, "साडूबुवा, तुमच्या कंपनीत मला काही जमण्यासारखं आहे का हो? पत्रं-बित्रं लिहीन. लेटरहेड आहेत पुष्कळ."

थोरल्यांनी बाकावर बसल्या बसल्या पाठ ताठ केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपली कंपनी खरोखर मोठी वाटली.

"ते असं मला परस्पर सांगता येणार नाही," ते म्हणाले. "संचालकांना विचारावं लागेल."